ऊन, गारठा आणि शेजारचा टाळकरी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत वीणा कोणाकोणाच्या गळ्यात होती, कुठल्या गावानं पंगत घातली, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच असेल. मला लिहायचं ते शरीराबद्दल. दिंडीनं ऊन कसं सोसलं, गारठा कसा सोसला, त्यात कोण वाचलं आणि कोण का गेलं, हा इतिहास कुठल्या वहीत नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता. ती माणसं एकेक करून चालली, म्हणून लिहून ठेवतो.

दोन वाऱ्या, दोन टोकं

आपली दिंडी वर्षातून दोनदा पायी चालते. आषाढीला संत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीसंगं पंढरीला, आणि पौष वद्य एकादशीला नाथांच्या समाधीच्या दर्शनाला त्र्यंबकेश्वरला. आषाढीची पालखी ज्येष्ठी पौर्णिमेच्या आसपास त्र्यंबक सोडते. आपण गोदाकाठची माणसं नाशिकला तिला मिळतो. मग सिन्नर, राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा, जेऊर, करकंब असं करत २५ दिवसांच्या आसपास पंढरपूर. यातला नगरपासून करमाळ्यापर्यंतचा मुलूख कमी पावसाचा. झाड विरळ, सावली थोडी. मृगाचा पाऊस लांबला तर डोक्यावर वैशाखाचंच ऊन.

पौषातली वारी त्याच्या उलट. निफाडच्या कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, तिथं थंडीचा आकडा दरवर्षी पेपरात येतो. काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली जातो. त्या थंडीत आपण पहाटे उठून चालतो, ब्रह्मगिरीच्या वाऱ्यात उघड्यावर झोपतो आणि कुशावर्तात गार पाण्यानं स्नान करतो. म्हणजे एकाच वर्षात एकच म्हातारा दोन्ही टोकं बघतो.

जुन्या लोकांना अजून एक हिशोब पाठ होता, तो आता विसरत चालला. आपलं चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळं आषाढी दरवर्षी अलीकडं येत जाते आणि अधिक महिना पडला की पुन्हा पुढं ढकलली जाते. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. अठरा दिवसांचा फरक. जे वर्ष अधिकाच्या आधीचं, ते उन्हाचं, असं म्हातारे म्हणायचे. त्या वर्षी घरातनं निघतानाच घोंगडीबरोबर कांदे, चिंच, गूळ जास्त बांधला जायचा.

जुन्या रीती: कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या

जुन्या माणसांनी पुष्कळ गोष्टी बरोबर ओळखल्या होत्या. पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन चढलं की विसाव्याला थांबायचं. मुंडासं विहिरीवर भिजवून डोक्याला बांधायचं. वाटेतल्या गावांनी ताक, पन्हं, कढी द्यायची. बायांनी डोक्यावर तुळस घ्यायची तसा पाण्याचा हंडाही घ्यायचा आणि चालता चालता टाळकऱ्यांना ओंजळीनं पाणी पाजायचं. आज लोक हंडेवाल्या बाईचा फोटो काढतात. पण तो हंडा शोभेचा नाही, दिंडीचा जीव त्यात होता.

घोंगडीही तशीच. धनगरांनी विणलेली लोकरीची घोंगडी भिजली तरी थोडीफार ऊब धरते. सुती चादर भिजली की उलट अंगातली ऊब ओढून घेते. पुढं प्लॅस्टिकचे कागद आले, ते पावसाला चांगले, पण आतून घामानं माणूस ओला होतो. म्हणून वर कागद आणि आत लोकर, हेच अजूनही चांगलं.

पण काही रीती चुकीच्या होत्या, त्याही लिहिल्या पाहिजेत. ऊन लागून पडलेल्या माणसाचं अंग तापलेलं लागतं, म्हणून त्याला ताप आला समजून घोंगडीत गुंडाळायचे. ही तर आगीवर झाकण घालायची गत. दातखीळ बसली म्हणून चमच्यानं दात उघडून पाणी ओतायचे, ते पाणी श्वासात जायचं. कांदा फोडून नाकाला लावायचे. कांद्यानं काही बिघडत नाही, पण कांदा शोधण्यात वेळ जातो आणि या दुखण्यात वेळच औषध आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चारी बाजूंनी गर्दी करून वारा अडवायचे.

पटकीच्या आड लपलेलं ऊन

इंग्रजांच्या काळापासून पंढरीच्या यात्रेची भीती म्हणजे पटकी. सरकारचं लक्ष पटकीवर, लोकांचं पटकीवर. लस टोचायची, विहिरीत औषध टाकायचं. ते योग्यच होतं, पटकीनं गावंच्या गावं नेली होती. पण त्यामुळं वाटेत कोणी ओकला, पायात गोळे आले, डोळे खोल गेले की लगेच पटकी म्हणायचे आणि लोक लांब व्हायचे. उन्हानंही ओकारी होते, गोळे येतात. मग त्या माणसाला सावलीत नेऊन गार करायच्या जागी एकटं सोडायचे.

पटकीनंच पुढं एक चांगली गोष्टही दिली. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले. बनगाव इथं छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ, साखर आणि पाणी कालवून नातेवाइकांच्या हातानं रोग्यांना पाजलं आणि पुष्कळ जीव वाचवले. त्यातूनच जगभर मीठ-साखरेच्या पाण्याचा, ओआरएसच्या पुडीचा प्रसार झाला. आज आपल्या दिंडीच्या ट्रकात पुड्यांचं खोकं असतं, त्याच्या मागं हा इतिहास आहे. पुडी नसली तर एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नये.

टाळ चुकला

आपल्या दिंडीतली एक गोष्ट मागच्या पिढीनं मला सांगितली. नाव लिहीत नाही, घरचे लोक आहेत. राहुरी सोडून डोंगरगणाकडं चढ लागला होता. पाऊस नव्हता, आभाळ मात्र भरलं होतं. एक जुने टाळकरी, पन्नास वर्षं ठेका न चुकलेले, त्यांचा टाळ चुकायला लागला. मग ते मध्येच थांबून मागं वळले आणि म्हणाले, गाईंची धार काढायची राहिली, घरी जातो. आजूबाजूच्यांना वाटलं, महाराजांचं देहभान हरपलं. दोघा-तिघांनी पायाला हात लावला. अर्ध्या तासात ते कोसळले. अंग तव्यासारखं. त्यांना घोंगडीत गुंडाळलं आणि तोंडात तीर्थ घातलं. दिवस मावळायच्या आत गेले. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण, वारीत देह ठेवला.

मी कीर्तनात उभा राहतो म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं समजून बोलतो. ते भाग्याचं मरण नव्हतं. पाण्याचा हंडा चार पावलांवर होता. तो त्यांच्या अंगावर ओतला असता तर बहुतेक ते पंढरीला पोचले असते आणि माघारी घरीही आले असते. संतांनी देह नाशिवंत आहे असं सांगितलं, पण दुसऱ्याचा देह वाटेवर टाकून पुढं जा, असं कुठल्याच संतानं सांगितलेलं नाही. आपल्या देहाची आसक्ती सोडणं हा वैराग्याचा भाग. शेजाऱ्याच्या देहाकडं दुर्लक्ष करणं हे वैराग्य नव्हे.

त्या प्रसंगानंतर दिंडीत एक रीत पडली. कोणी ठराव केला नाही, पण पडली. टाळ चुकला, पाऊल वाकडं पडलं, बोलणं भलतीकडं गेलं, की शेजारच्यानं हाताला धरून बाजूला घ्यायचं. आता डॉक्टरही हेच सांगतात. अंगाची उष्णता फार वाढली काय किंवा फार उतरली काय, आधी बिघडतं ते डोकं. ज्याला झालंय त्याला ते कळतच नाही, तो म्हणतो मला काही झालं नाही, चला. म्हणून ते शेजाऱ्याला कळलं पाहिजे. दिंडीत ओळीनं चालायचं, प्रत्येकाला डाव्या-उजव्या हाताला माणूस असायचा, याचा हा मोठा उपयोग आहे.

पौषातली थंडी

उन्हाचं लोकांना थोडंतरी माहीत असतं. गारठ्यानं माणूस मरतो हे आपल्याकडं कोणी मानत नाही. थंडी बाधली म्हणतात, सकाळी उठलाच नाही म्हणतात.

शरीराची नेहमीची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. ती ३५ च्या खाली, म्हणजे ९५ च्या खाली गेली की धोका सुरू. यात एक गोम आहे. जुनी काचेची ताप मोजायची काडी ९४ पासून सुरू होते. त्याच्या खालचं ती दाखवत नाही. नवीन बॅटरीवाली काडी आकड्याच्या जागी 'लो' अशी अक्षरं दाखवते, तेव्हा लोक म्हणतात काडी बिघडली. काडी बिघडलेली नसते, माणूस गारठलेला असतो.

कुशावर्तावर आपल्या दिंडीतल्या एका म्हातारीचं असंच झालं होतं. एकादशीचा उपास, पोटात काही नाही, स्नान झाल्यावर ओल्या लुगड्यानंच दर्शनाच्या रांगेत उभी. आधी हुडहुडी भरली, दात वाजले. थोड्या वेळानं हुडहुडी थांबली, तेव्हा बरोबरच्या म्हणाल्या, बरं वाटतंय आता आजीला. पण ती पेंगायला लागली, शब्द तोंडातल्या तोंडात फिरायला लागले. दिंडीतल्या एका जाणत्या मावशीनं तिच्या कपड्याखाली पोटाला हात लावला. पोट गार. हातपाय थंडीत कोणाचेही गार असतात, पोट गार असलं तर अंगातली ऊब संपत आली समजायचं.

मावशीनं चार बायांना लुगड्याचा आडोसा धरायला लावला, ओलं सगळं काढलं, अंग टिपून कोरडं केलं. खाली पाचटावर वाकळ टाकली, कारण जमीनही ऊब ओढते. डोकं गुंडाळलं, दोन घोंगड्यांत घातलं आणि दोन्ही अंगांना एकेक बाई चिकटून झोपली. तिला गिळता येतंय हे बघून मग कोमट गूळपाणी घोटघोट दिलं. कोणीतरी म्हणालं, शेकोटीजवळ न्या, हातपाय चोळा. मावशीनं चोळू दिलं नाही. फार गारठलेल्या माणसाचे हातपाय जोरात चोळले किंवा एकदम शेकले तर तिथलं गार रक्त काळजाकडं येतं आणि काळीज बंद पडू शकतं, कातडीही भाजते. त्याला कढत पाण्यानं अंघोळ घालू नये, ओढाताण करू नये, चालवू नये. मावशीला हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. गारठलेलं कोकरू वाचवायची तिची सवय होती. म्हातारीला पुढं सरकारी दवाखान्यात नेलं आणि ती बरी झाली.

हे फक्त पौषातच होतं असं नाही. आषाढीतही मिरजगाव-करमाळ्याच्या माळावर संध्याकाळचा पाऊस आणि वारा आला की ओल्या कपड्यात माणूस गारठतो. पंढरीहून परतताना उघड्या ट्रकात, टेम्पोत ओल्या अंगानं रात्रभर वारा खात येणारे म्हातारे मी बघितले आहेत. चालताना अंगात ऊब तयार होते, गाडीत बसल्यावर होत नाही. गाडीत चढायच्या आधी कोरडे कपडे घालावेत आणि म्हाताऱ्यांना मध्ये बसवावं.

अलीकडची वर्षं

२०१४ साली आपल्या राज्यात १०८ ची गाडी सुरू झाली. त्याआधी माणूस पडला की बैलगाडी, मग मालट्रक, मग कोणाची जीप. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं गेल्या. दोन वर्षं पायांची सवय मोडली, आणि शरीराची उन्हाची सवयही मोडली. ही सवय लागायला आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून शहरातून येऊन थेट मधल्या मुक्कामाला मिळणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी पूर्ण टप्पा चालू देऊ नये. तरणाताठा आहे म्हणून ऊन सोडत नाही.

२०२३ हे वर्ष विसरू नये. १६ एप्रिलला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो श्रीसेवक उघड्यावर बसले होते. उन्हानं १४ जण गेले. ते चालत नव्हते, बसलेले होते. त्याच वर्षी आषाढी लवकर आली आणि पाऊस मात्र रेंगाळला. तो राज्यात नीट पसरला तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा लागला होता. म्हणजे बहुतेक सगळी वाट आपण उन्हात चाललो. २०२४ साली मक्केच्या हज यात्रेत उन्हानं १,३०१ माणसं गेल्याचं तिथल्या सरकारनं सांगितलं. त्यातली बरीचशी परवान्याविना आलेली, त्यांना तंबू नाही, सावली नाही. आपल्याकडंही दिंडीबाहेर चालणारा मोकळा समाज असतो. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला ओळखीचं कोणी नसतं. असा माणूस झाडाखाली एकटा बसलेला दिसला तर त्याला एक प्रश्न विचारून पुढं जावं. गाव कुठलं, बाबा? उत्तर सरळ आलं तर ठीक.

दिंडीनं आता पाळायचं ते

उन्हानं चक्कर, डोकेदुखी, गोळे, मळमळ आहे, पण माणूस शुद्धीत आहे आणि नीट बोलतो, तर सावलीत बसवा, कपडे सैल करा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. त्या दिवशी त्याला पुन्हा चालवू नका.

बोलणं बिघडलं, झोकांड्या जातात, झटका आला किंवा शुद्ध गेली, आणि अंग तापलेलं आहे, तर तो उष्माघात. अंगातली उष्णता तेव्हा ४० अंश, म्हणजे १०४ च्या वर गेलेली असते. घाम थांबलाच पाहिजे असं नाही, चालणाऱ्याला घाम असतानाही होतो. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी फोन लागायची वाट न बघता पाणी ओतायला सुरुवात करायची. टँकरचं, विहिरीचं, पाटाचं, कसलंही चालतं. कपडे काढा, सगळं अंग भिजवा, उपरण्यानं वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. तोंडात काही घालू नका. तापाची गोळी इथं चालत नाही. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. भानावर आला किंवा कापायला लागला की थांबा. दवाखान्यात मात्र न्यायचंच.

गारठ्याला मावशीनं केलं तेच. आणि फार गारठलेला माणूस निपचित पडला, नाडी लागत नाही, म्हणून गेला असं घरच्या घरी ठरवू नका. नाडी आणि श्वास अगदी मंद झालेले असतात. डॉक्टरकडं न्या.

एकादशीबद्दल लोक मला विचारतात म्हणून सांगतो. पालखी निघायच्या तोंडावर निर्जला येते. ज्याला वारी चालायची आहे, ज्याला बीपीची, साखरेची, काळजाची गोळी आहे, त्यानं त्या दिवशी पाणी प्यावं. वाटेतल्या एकादशीला आणि पौषातल्या एकादशीला फराळ करावा, पाणी, मीठ, साखर, गूळ घ्यावा. उपासाला यातलं सगळं चालतं. पाय सुजायच्या, लघवीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून यावं.

आणि बायांबद्दल. वाटेवर आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. डोक्यावर पाण्याचा हंडा आणि घसा कोरडा, हे शंभर वर्षं चाललं. आता फिरती शौचालयं आली आहेत. दिंडी चालकानं प्रत्येक विसाव्याला बायांसाठी सोय आधी बघावी, मग पुरुषांच्या पंगती बसवाव्या. बाईला ऊन लागलं तर लाजेपायी कपडे सैल करायचं राहून जातं, म्हणून लुगड्याचा आडोसा धरणाऱ्या चार बाया आधीच ठरवून ठेवाव्या.

२०२८ साली आषाढी पुन्हा जुलैच्या अगदी सुरुवातीला येते. म्हणजे आपण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घर सोडणार. ते वर्ष उन्हाचं धरून चालावं. त्या वर्षी जो कोणी दिंडी चालक असेल त्यानं पंगतीच्या शिध्याआधी पाण्याचा, पुड्यांचा आणि बर्फाचा हिशोब करावा. आणि निघताना वीणेकऱ्यानं ओळीतल्या प्रत्येकाला त्याचा जोडीदार कोण, ते विचारून घ्यावं.